वाटाणा दरवर्षी पिवळा पडतो, युरियानं हिरवा होतो, तरी शेंगा लागत नाहीत : कुठं चुकतं आणि काय करायचं

नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर, सावनेर, काटोल, हिंगणा या पट्ट्यात सोयाबीन काढून ओलितावर वाटाणा घेणाऱ्यांची तक्रार साधारण एकाच साच्याची असते. उगवण झकास होते. पीक पंचवीस-तीस दिवसांचं झालं की वावर फिकं दिसायला लागतं. मग कुणीतरी युरिया टाकायला सांगतं, आठवड्याभरात सगळं हिरवंगार होतं आणि जीव भांड्यात पडतो. त्यानंतर वेल माजतो, पानं रुंद होतात, फुलं लांबतात, शेंगा मोजक्या लागतात आणि त्याही अर्ध्या पोकळ. वर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते ती वेगळीच. माल नागपूरच्या कॉटन मार्केट भाजीबाजारात पोचेपर्यंत जबलपूरकडच्या वाटाण्यानं भाव पाडलेला असतो. पुढच्या रब्बीत पुन्हा तेच, फक्त युरियाची गोणी आणखी थोडी आधी फुटते.

असं वावर खोदून पाहिलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. मुळांवर कामाच्या गाठी नसतात. वाटाणा स्वतःचं बरंचसं नत्र हवेतून मिळवतो, पण ते काम मुळांवरच्या गाठींतले जिवाणू करतात. ते जिवाणू वावरात नसतील, मेलेले असतील किंवा आपणच त्यांना बसवून ठेवलं असेल, तर झाड पिवळं पडणारच. युरियानं पान हिरवं होतं, पण गाठी आणखी सुस्तावतात. जमिनीत आयतं नत्र मिळालं की वाटाण्याचं झाड गाठी पोसायचं सोडून देतं. म्हणून हा प्रश्न दरवर्षी परत येतो.

पण प्रत्येक पिवळं झाड नत्रानं उपाशी नसतं. काळ्या जमिनीत पिवळं पडायला पाच-सहा कारणं असतात आणि त्यातल्या निम्म्यांचा खताशी संबंधच नसतो. तेव्हा आधी तपासणी.

पिवळेपणा वावरात कुठं आहे

धुऱ्यावर उभं राहून पूर्ण वावर पाहा. फक्त खोलगट जागी, पाणी देण्याच्या शेवटच्या टोकाला किंवा बांधाच्या कडेला पिवळं असेल तर खताचं नाव काढू नका. तिथं पाणी साचतं. आपली काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातली हवा संपते, आणि गाठींना तर मुळांपेक्षाही जास्त हवा लागते. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत पिवळी झाक येते आणि माती भुसभुशीत झाली की कमी होते, असं दिसलं तर निदान झालंच समजा. तिथं युरिया टाकला तर पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. सपाट वाफ्यात मोकाट पाणी सोडण्याऐवजी सरी-वरंब्यावर पेरणी किंवा तुषार सिंचन हाच त्यावरचा इलाज. उभ्या पिकात एवढंच करता येतं की पुढची पाळी लांबवा आणि दोन ओळींमध्ये हलकी डवरणी (कोळपणी) करून माती मोकळी करा.

पिवळे पट्टे तासांच्या (पेरणीच्या ओळींच्या) दिशेनं सरळ असतील तर पेरणीच्या वेळी खत सारखं पडलेलं नाही. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राची एखादी नळी मातीनं तुंबलेली असते. हे इतक्यांदा घडतं की पेरणी चालू असताना मागं चालत जाऊन नळ्या पाहणारा माणूस खतापेक्षा मोलाचा.

इथं-तिथं एकेक झाड पिवळं होऊन मान टाकत असेल तर ती मर. झाड उपटून खोड बुडाशी उभं चिरा. आत लालसर-तपकिरी रेघ दिसली तर बुरशी आहे, खतानं ती जाणार नाही. त्या वावरात काही वर्षं वाटाणा घेऊ नका, आणि पुढच्या वेळी बियाण्याला ट्रायकोडर्मा (मर आवरणारी मित्रबुरशी) लावल्याशिवाय पेरू नका.

आधी मका असेल आणि त्यात ॲट्राझीन फवारलेलं असेल, तर जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. वाटाणा या तणनाशकाला फार नाजूक आहे. मक्यानंतर वाटाणा घ्यायचा असेल तर हे आधीच ठरवावं लागतं, नंतर उपाय नाही.

आणि पूर्ण वावरच सारखं फिकं असेल, तर पुढं चला.

आधी कोणतं पान पिवळं झालं

नत्र झाडात हलतं. कमी पडलं की झाड म्हाताऱ्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं, म्हणून नत्राची कमतरता खालून वर येते. खालची पानं एकसारखी फिकी पिवळी, शेंडा अजून हिरवा.

गंधक असं सहज हलत नाही. ते कमी पडलं की शेंड्याची पानं आधी फिकी पडतात, शिरांसकट, एकसारखी. हे आणि नत्राचं दुखणं लांबून अगदी सारखं दिसतं. वरचं पान की खालचं, एवढा एकच फरक, आणि तो वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. सोयाबीनलाही डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) आणि रब्बीलाही डीएपी, असं वर्षानुवर्षं चाललेल्या वावरात गंधकाचा संशय आधी घ्यावा. डीएपीत गंधक नसतं.

लोहही शेंड्यालाच दिसतं, पण तिथं शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. फार वाढलं की कोवळी पानं जवळजवळ पांढरी होतात. नांगरताना पांढरे चुनखडीचे खडे वर येतात त्या वावरात हे हमखास. जमिनीत लोह भरपूर असतं, पण सामू (पीएच) ८ च्या पुढं गेला की ते मुळांना घेता येत नाही. त्यात जास्त पाणी दिलं की चुनखडीच्या जमिनीत बायकार्बोनेट वाढतं आणि लोह आणखी अडकतं.

जस्ताची कमतरता इतकी ठळक दिसत नाही. पानं लहान राहतात, पेरं आखूड पडतात, झाड खुरटतं. स्फुरद कमी पडलं तर झाड पिवळं होत नाही, उलट गडद, मळकट हिरवं राहतं आणि वाढत नाही. म्हणून स्फुरदाची कमतरता कुणाच्या लक्षात येत नाही आणि दोष दुसऱ्या कशाला तरी जातो. पालाशाची कमतरता जुन्या पानांच्या कडा करपण्यातून कळते, पण आपल्या काळ्या जमिनीत ती कमीच आढळते.

शंका राहिली तर सोपी चाचणी आहे. दहा-बारा झाडांना काठी रोवून खूण करा आणि फक्त त्यांवर संशयित द्रव्य फवारा. लोह असेल तर अर्ध्या टक्क्याचं फेरस सल्फेट, नत्र असेल तर दोन टक्के युरिया. पाच-सहा दिवसांनी शेजारच्या झाडांशी ताडून पाहा. पूर्ण एकराची फवारणी वाया घालवण्यापेक्षा एका पंपाच्या तळातलं पाणी वाया गेलेलं बरं.

मुळं उपटू नका, खोदा

हे काम पीक पंचवीस ते पस्तीस दिवसांचं असताना करायचं. फुलोऱ्याच्या पुढं शेंगा अन्न ओढू लागतात आणि गाठी आपोआप थकतात, तेव्हा उशिरा पाहून काही कळत नाही. झाड हातानं उपटलं तर गाठी मातीतच राहतात आणि माणूस म्हणतो, गाठीच नाहीत. कुदळीनं किंवा फावड्यानं वीतभर खोल ढेकूळ काढा, बादलीतल्या पाण्यात भिजू द्या, हलक्या हातानं माती सुटू द्या. वावराच्या चार-पाच ठिकाणची झाडं तरी पाहा.

सोयाबीनच्या गाठी पाहायची सवय असलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. सोयाबीनच्या गाठी गोल असतात, वाटाण्याच्या लांबट, बोटासारख्या, कधी दोन-तीन एकत्र फुटलेल्या. मुळाला सूत्रकृमीनं आलेली सूज आणि गाठ यांतही गल्लत होते. गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि नखानं निघते. सूत्रकृमीची सूज मुळातच असते, ती निघत नाही.

गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर ती कामावर आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीतलं द्रव्य, गाठीतल्या ऑक्सिजनवर ताबा ठेवणारं. आत पांढरं असेल तर गाठ अजून कच्ची आहे किंवा चुकीच्या जिवाणूची आहे. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं आहे. बारीक पांढऱ्या गाठी पुष्कळ दिसल्या म्हणून खूश होऊ नका. मुख्य मुळाच्या वरच्या भागात थोड्याच पण मोठ्या, आतून गुलाबी गाठी असतील तर त्या जास्त चांगल्या.

गाठी गुलाबी आहेत, झाड मात्र फिकं आहे, असं असेल तर प्रश्न नत्राचा नाही. गंधक, लोह किंवा पाणी तपासा. गाठीच नसतील किंवा आतून पांढऱ्या असतील, तर पुढचा भाग तुमच्यासाठी.

खरिपातलं उरलेलं पाकीट

सगळ्यात जास्त वावरं इथं फसतात. सोयाबीनसाठी आणलेलं रायझोबियमचं, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट उरतं, ते दिवाळीनंतर वाटाण्याला लावलं जातं. जिवाणू तो जिवाणूच, असा हिशेब. पण सोयाबीनचा जिवाणू वेगळ्या कुळातला, ब्रॅडीरायझोबियम. हरभऱ्याचा आणखी वेगळा. वाटाण्याला रायझोबियम लेग्युमिनोसारमचा ठरावीक प्रकार लागतो. कुलूप-किल्लीसारखं आहे हे. सोयाबीनच्या वावरात जिवाणू कितीही असले तरी ते वाटाण्याच्या मुळाला ओळखत नाहीत. म्हणून 'माझ्या वावरात वीस वर्षं सोयाबीन आहे, जिवाणूंची कमी नाही' हे बोलणं वाटाण्याच्या कामाचं नाही.

वाटाण्याचा हाच जिवाणू मसूर आणि लाखोळीलाही (लाख डाळीच्या पिकाला) चालतो. त्यामुळं नागपूरच्या पूर्वेकडं, मौदा, कुही, रामटेक या धानाच्या पट्ट्यात, जिथं धानामागं लाखोळी टाकायची जुनी रीत आहे, तिथल्या बांध्यांत वाटाण्याला गाठी बऱ्याचदा आपोआप येतात. पश्चिमेकडच्या सोयाबीन-कपाशीच्या वावरांत तसं होत नाही. एकाच जिल्ह्यात एकाला वाटाणा जमतो आणि दुसऱ्याला जमत नाही, याचं अर्धं उत्तर इथं आहे. उरलेलं अर्धं खडकात आहे. पश्चिमेला बेसाल्टची काळी, चुनखडीची माती आणि पूर्वेला जुन्या ग्रॅनाइट-नाईस खडकांवरची वेगळी.

तेव्हा पाकिटावर पिकाचं नाव 'वाटाणा' असलंच पाहिजे. मुदत पाहा. मुदतीत असूनही पाकीट मेलेलं असू शकतं. नागपूरचा मे महिना आणि दुकानाचं टिनाचं शेड यांत जिवाणू जगत नाहीत. मे-जूनपासून मांडणीवर पडून असलेला माल ऑक्टोबरात घेऊ नका. दुकानदाराला त्याचं वाईट वाटलं तरी चालेल. कृषी विद्यापीठाची जिवाणू खतं मिळाली तर ती घ्यावीत. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात चौकशी करायला हरकत नाही.

आता मात्रा. २५० ग्रॅमचं एक पाकीट दहा किलो बियाण्याला. लवकर येणाऱ्या अर्केलसारख्या वाणाचं बियाणं एकरी चाळीस-पन्नास किलो लागतं, म्हणजे चार-पाच पाकिटं. प्रत्यक्षात एकराला एकच पाकीट लावलं जातं आणि मग म्हणतात, जिवाणू खत काही कामाचं नाही. गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करा, त्यात पाकीट कालवा, बियाण्यावर शिंपडून हलक्या हातानं चोळा. साल निघता कामा नये. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, याच वेळी त्याच मात्रेत लावता येतात आणि चुनखडीच्या जमिनीत ते लावावेतच.

क्रम महत्त्वाचा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी रायझोबियम. बाजारातलं बियाणं बहुधा आधीच रंगवलेलं, म्हणजे बुरशीनाशक लावलेलं येतं. ते रसायन जिवाणूंना मारक ठरू शकतं. अशा बियाण्याला पाकीट चोळण्यापेक्षा एकरी किलो-दीड किलो जिवाणू खत चाळलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून पेरणीच्या ओळीत पाडणं चांगलं. रासायनिक खताच्या नळीत मात्र ते टाकू नका, खताच्या क्षारानं जिवाणू मरतात.

गाठींसाठी मॉलिब्डेनम लागतं हे खरं आहे. पण ते कमी पडतं आम्ल जमिनीत. आपल्या विम्ल मातीत ते मुळांना सहज मिळतं. कुणी त्याची बाटली खपवत असेल तर नमस्कार करून पुढं जा.

खताचा हिशेब

वाटाण्याला हेक्टरी साधारण २० ते ३० किलो नत्र, ५० ते ६० किलो स्फुरद आणि तितकंच पालाश, ही सर्वसाधारण शिफारस. एकरात सांगायचं तर नत्र १० किलो, स्फुरद २० ते २४ किलो. नत्राची ही १० किलोंची शिदोरी गाठी कामाला लागेपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांसाठी आहे, पूर्ण पिकासाठी नाही.

डीएपीची ५० किलोंची एक गोणी म्हणजे ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. एका एकराचा नत्र-स्फुरदाचा हिशेब एका गोणीतच मिटला. त्यावर युरियाची ४५ किलोंची एक गोणी टाकली की जवळजवळ २१ किलो नत्र वाढतं, म्हणजे गरजेच्या तिप्पट. माजलेला वेल आणि भुरी यांचा जन्म या एका गोणीत आहे.

माझं मत विचाराल तर काळ्या, वर्षानुवर्षं डीएपी खाल्लेल्या वावरात सिंगल सुपर फॉस्फेट घ्यावं. तीन गोण्या, म्हणजे १५० किलो, यांतून २४ किलो स्फुरद मिळतं आणि सोबत सोळा किलोंच्या वर गंधक. नत्रासाठी वीस-बावीस किलो युरिया, पेरणीच्या वेळीच. गोण्या उचलायला जास्त, पण गंधक सोबतच मिळतं. रब्बीच्या ऐन पेरणीत डीएपीसाठी रांगा लागतात तेव्हा तर हा रस्ता सरळच. २०:२०:०:१३ (नत्र, स्फुरद, पालाश, गंधक यांचे टक्के) मिळत असेल तर त्याची एक गोणी आणि सुपर फॉस्फेटची दीड गोणी, असंही चालतं. १०:२६:२६ च्या दोन गोण्यांत नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही बसतात, पण गंधक मिळत नाही.

पालाशाबद्दल घाई नको. काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर असतं. माती परीक्षणात ते जास्त आलं तर म्युरेट ऑफ पोटॅशवरचा खर्च वाचवा, कमी आलं तर एकरी ३३ किलोंतून २० किलो पालाश मिळेल.

खत किती यापेक्षा कुठं पडलं हे जास्त महत्त्वाचं. स्फुरद जमिनीत जागचं हलत नाही. फेकून दिलेलं डीएपी वरच्या दोन बोटांत राहतं, तिथं माती सुकते आणि मुळं खाली असतात. उरलेलं चुनखडी बांधून टाकते. म्हणून खत बियाण्याच्या खाली आणि बाजूला, दोन-तीन बोटांच्या अंतरावर पडलं पाहिजे. बियाण्याला चिकटून पडलं तर वाटाण्याचा कोंब क्षारानं भाजतो आणि उगवण विरळ होते. पीक उभं असताना वरून डीएपी फेकणं म्हणजे खत नव्हे, नुसता दानधर्म.

शेणखत एकरी सहा ते आठ टन, पूर्ण कुजलेलं. उकिरड्यावरचं अर्धं कच्चं शेण किंवा सोयाबीनचं कुटार पेरणीच्या तोंडावर गाडलं, तर ते कुजवणारे सूक्ष्मजीव जमिनीतलं नत्र काही आठवडे स्वतःकडं ओढून घेतात आणि कोवळा वाटाणा पिवळा दिसतो. हे पिवळेपण आपोआप जातं, फक्त धीर लागतो. उधळी (वाळवी) आणि तण मात्र जात नाहीत.

जस्त परीक्षणात कमी आलं तर एकरी दहा किलो झिंक सल्फेट पेरणीआधी शेणखतात मिसळून द्या. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नका, दोघं एकमेकांना बांधतात. स्फुरदाचा अतिरेकही जस्ताची कमतरता वाढवतो, म्हणून 'एक गोणी जास्त टाकली तर बिघडलं काय' याचं उत्तर खुरट्या पानांत मिळतं.

पीक उभं आहे, आता काय

गाठी आहेत आणि शेंड्याची पानं शिरांमध्ये पिवळी आहेत : दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना, चुन्याची निवळी गाळून. संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. सोबत पाण्याची पाळी लांबवा, नाहीतर फवारणी वाया जाते. फेरस सल्फेट हिरवं असावं. पिवळं-तांबूस झालेलं जुनं पाकीट घेऊ नका.

जस्त : तेच प्रमाण, फेरसच्या जागी झिंक सल्फेट.

गाठी आहेत आणि शेंडा एकसारखा फिका आहे : गंधक. उभ्या पिकात पाण्यात विरघळणाऱ्या खतांतून थोडं देता येतं, पण खरा इलाज पुढच्या पेरणीआधीच. भुरीसाठी ८० टक्के गंधकाची पाण्यात मिसळणारी भुकटी फवारली जाते, तिचं काम पानावरची बुरशी आवरणं, मुळांची भूक भागवणं नव्हे.

गाठी नाहीतच : इथं युरिया द्यावाच लागतो, आणि तो देताना संकोच नको. ज्या झाडाला कमावता हात नाही त्याला जेवण बाहेरूनच द्यायला हवं. पण एकदम गोणी फोडू नका. एकरी वीस-पंचवीस किलो, फुलोऱ्याच्या आधी, ओळींच्या बाजूनं, लगेच हलकं पाणी. पीक पंधरा-वीस दिवसांच्या आत असेल तर द्रवरूप रायझोबियम, वाटाण्याचंच, पाण्यासोबत मुळांशी सोडून पाहता येतं. बीजप्रक्रियेइतकं ते भरवशाचं नसतं. फुलं लागल्यावर युरिया नकोच. त्यापुढं फार तर दोन टक्के युरियाची एखादी फवारणी.

वेल हिरवागार आहे, फुलं गळतात : खतात उत्तर शोधू नका. आधी तारीख पाहा. लवकरच्या भावासाठी सप्टेंबरअखेर पेरलेला वाटाणा ऑक्टोबर हीटमध्ये सापडतो, उशिराचा फेब्रुवारीच्या उन्हात. पारा तिशीच्या वर राहिला की फुलं गळतात आणि कोणतीही बाटली त्यांना धरून ठेवत नाही. ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य हा आपल्याकडचा पेरणीचा काळ. फुलोरा आणि दाणे भरणं या दोन वेळी पाण्याचा ताण पडू देऊ नका.

वाळलेला दाणा फोडल्यावर मधोमध तपकिरी, पोकळ डाग दिसत असेल तर ती मँगनीजची कमतरता. वाटाण्याचं हे खास दुखणं चढ्या सामूच्या जमिनीत येतं आणि वेल बाहेरून निरोगी दिसतो. बियाण्यासाठी वाटाणा राखणाऱ्यांनी फुलोऱ्यात अर्ध्या टक्क्याचं मँगनीज सल्फेट फवारावं. हिरव्या शेंगा विकणाऱ्यांना याची काळजी सहसा पडत नाही.

माती परीक्षणाचा कागद

पूर्ण देशाच्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय संस्था आपल्या अमरावती रोडवर आहे, आणि आपल्याच वावराचा सामू आपल्याला ठाऊक नसतो. जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत नमुना द्या. सोयाबीन निघाल्यावर, खत टाकण्याआधी, वावरात नागमोडी चालत आठ-दहा जागी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या. त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची माती काढा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवा. उकिरड्याची जागा, झाडाखालची, धुऱ्यालगतची माती नको. लोखंडी गंजक्या फावड्यानं घेतलेल्या नमुन्यात लोह-जस्ताचे आकडे फसवे येतात, म्हणून शेवटी माती लाकडानं खरवडून घ्या.

मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात. वाटाण्यासाठी आधी सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, गंधक, जस्त आणि लोह पाहा. जस्त ०.६, लोह ४.५, गंधक १० पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरा. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोंच्या खाली म्हणजे कमी, आणि आपल्याकडं ते बहुतेक कमीच येतं. तो आकडा पाहून युरियाकडं धावू नका, वाटाण्याच्या बाबतीत त्याचं उत्तर पाकिटात आहे. क्षारता १ च्या वर असेल तर वाटाण्याऐवजी दुसऱ्या पिकाचा विचार करा.

गच्चीवर कुंडीत लावणाऱ्यांना यातलं फारसं लागत नाही. विकतच्या कोकोपीट-गांडूळखताच्या मिश्रणात वाटाण्याचा जिवाणू बहुधा नसतो, तेवढं चिमूटभर बियाण्याला लावा. कुंडीतला वेल पिवळा पडायचं पहिलं कारण रोजचं पाणी. दुसरं कारण १९:१९:१९ या विद्राव्य खताचं दर आठवड्याचं प्रेम.

पीक निघाल्यावर वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. वेल गुरांना जातो, मुळं आणि गाठी वावरात राहतात. पुढच्या वर्षी तिथं वाटाण्याचा जिवाणू थोडाफार टिकलेला असतो, तरी पाकीट लावायचं सोडू नका. आणि पुढच्या पेरणीत चार-सहा तास मुद्दाम बिनयुरियाचे ठेवून कडेला खुंट्या रोवा. तोडणीला त्या तासांच्या शेंगा वेगळ्या मोजा, म्हणजे त्यानंतर युरियाबद्दल शेजाऱ्याला विचारावं लागणार नाही.